हरवलेला प्रकाश आणि फुटणारा प्राणवायू

सूर्यप्रकाशाचा लोलकातून पाडलेला रंगीत पट्टा जांभळ्या रंगापाशी संपतो असे डोळ्यांना दिसत असले, तरी छायाचित्रणाच्या काचेवर तो त्याच्याही पुढे काही अंतर उमटत जातो आणि मग एका ठिकाणी, सुरीने कापावा तसा, तुटतो. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ आल्फ्रेड कोर्न्यू यांनी १८७८ च्या सुमारास या तुटीचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला, तेव्हा ती ३०० नॅनोमीटरच्या आसपास असल्याचे त्यांना आढळले. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, आणि प्रकाशाच्या लाटेची लांबी, म्हणजेच तरंगलांबी, याच मापाने सांगतात. कोर्न्यू यांचे खरे कौशल्य मोजण्यापेक्षा अनुमानात होते. तुटीपलीकडचा प्रकाश मुळात सूर्यातूनच निघत नसता, तर दिवसाच्या कोणत्याही प्रहरी ही कड एकाच जागी राहिली असती. पण सूर्य कलू लागला आणि त्याच्या किरणांना हवेतून अधिक लांबचे अंतर कापावे लागले की कड मागे सरकत असे, आणि त्यावरून प्रकाश सूर्यातून निघतो खरा, परंतु वाटेत पृथ्वीची हवा तो गिळते, हे निश्चित झाले. डब्लिन येथील रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर हार्टली यांनी १८८१ साली हवेतील कोणता घटक हे करतो तेही सांगितले. प्रयोगशाळेत नळीत भरलेला ओझोन वायू २०० ते ३०० नॅनोमीटरच्या टापूतील प्रकाश प्रचंड प्रमाणात शोषतो, म्हणून वातावरणाच्या वरच्या भागात ओझोनचा साठा असला पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी, म्हणजे एखाद्या वस्तूचे न आढळणे, हे ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानले आहे. न आढळणाऱ्या प्रकाशावरून न दिसणाऱ्या वायूपर्यंत पोहोचलेल्या या दोघांना तो विचार परका वाटला नसता.

या विषयाच्या इतिहासातील मूळ अडचण मात्र इथेच दडलेली आहे. ओझोन म्हणजे प्राणवायूच्या तीन अणूंचा रेणू, तर श्वासात जाणारा नेहमीचा प्राणवायू दोन अणूंचा. तीन अणूंचा रेणू घडायचा तर आधी दोन अणूंचा एखादा रेणू फुटून सुटा अणू मोकळा व्हावा लागतो, आणि तो फोडणारा अतिनील प्रकाश, म्हणजे जांभळ्यापलीकडचा अदृश्य प्रकाश, २४२ नॅनोमीटरपेक्षा आखूड लाटांचा असतो. तो प्रकाश जमिनीवर पोहोचत नाही, कारण काही भाग स्वतः प्राणवायू गिळतो आणि उरलेला, त्याच फुटीतून जन्मलेला ओझोन. कार्यानेच कारण झाकून टाकावे, असा हा प्रकार होता. त्यामुळे प्राणवायूच्या विघटनाचा शोध आकाशाकडे पाहून लागणे शक्य नव्हते. तो ठिणग्या, दिवे, निर्वात पेट्या आणि हाताने घडवलेल्या काचा यांच्या साह्याने, बंद खोल्यांत लावावा लागला.

ओझोनची ओळख तर प्रकाशाने नव्हे, वासाने झाली होती. हॉलंडमधील हार्लेम येथे मार्टिनस व्हान मारुम यांनी १७८५ साली आपल्या प्रचंड विद्युतयंत्राजवळ एक विशिष्ट उग्र वास येत असल्याची नोंद केली. त्याचे कारण बासेल येथील प्राध्यापक क्रिस्टियन फ्रीडरिख शोनबाइन यांना १८३९-४० मध्ये उमगले आणि त्यांनी वास येणे या अर्थाच्या ग्रीक धातूवरून त्या पदार्थाचे नाव ओझोन ठेवले. पोटॅशियम आयोडाइड आणि पिष्ट लावलेला कागद ओझोनच्या संपर्कात निळा पडतो, हा त्यांचा शोध फार लोकप्रिय झाला, कारण ओझोनने आयोडाइडमधून आयोडीन सुटते आणि आयोडीन पिष्टाला निळा रंग देते, एवढ्या साध्या क्रियेवर कोणालाही हवा तपासता येऊ लागली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेकडो ठिकाणी असे कागद टांगले गेले. ओलावा आणि वारा यांनीही कागदाचा रंग बदलतो, त्यामुळे त्या ढीगभर नोंदींपैकी बहुतेक आज निरुपयोगी ठरल्या आहेत. पॅरिसच्या माँसूरी उद्यानातील वेधशाळेत वेगळ्या आणि काटेकोर रासायनिक पद्धतीने १८७६ पासून तीन दशकांहून अधिक काळ घेतलेल्या नोंदी हा त्याला सन्माननीय अपवाद होय. ओझोनचा रेणू तीन अणूंचा असतो, हे जिनिव्हाच्या जाक-लुई सोरे यांनी १८६० च्या दशकात दाखवून दिले.

प्राणवायू स्वतः प्रकाश शोषतो हे ज्याच्यामुळे कळले तो माणूस विद्यापीठातला नव्हता. लाइपझिग शहरात यंत्रनिर्मितीचा व्यवसाय करणारे व्हिक्टर शुमान फावल्या वेळात छायाचित्रण आणि वर्णपट यांच्या नादी लागले होते, आणि व्यवसायात मुरलेल्या कारागिराची चिकाटी त्यांनी या छंदात ओतली. ठिणगीच्या प्रकाशाचा वर्णपट अधिकाधिक आखूड लाटांपर्यंत टिपायचा, एवढाच त्यांचा ध्यास होता. पण सुमारे १८५ नॅनोमीटरपाशी वाट अडत असे. साधी काच तर अतिनील प्रकाश फार आधीच अडवते, म्हणून लोलक आणि भिंगे क्वार्ट्झची वापरण्याचा प्रघात होताच. शुमान यांच्या लक्षात आले की या टोकाला क्वार्ट्झही धड पारदर्शक राहत नाही, म्हणून त्यांनी फ्लोराइट या खनिजाच्या स्वच्छ स्फटिकांची भिंगे वापरली. तरी काम भागेना. दुसरा अडसर खुद्द छायाचित्रणाच्या काचेवरच्या लेपात होता: चांदीच्या संयुगाचे प्रकाशसंवेदी कण ज्या जिलेटिनमध्ये कालवलेले असतात ते जिलेटिनच आखूड लाटांचा प्रकाश शोषून घेते, आणि कणांपर्यंत काही पोहोचत नाही. तेव्हा शुमान यांनी जवळजवळ जिलेटिनविरहित लेपाच्या काचा स्वतः बनवल्या, ज्यांच्यावर ते कण उघडेच बसलेले असत आणि बोटाच्या नुसत्या स्पर्शानेही ज्या बिघडत. या काचा पुढे अनेक दशके त्यांच्याच नावाने ओळखल्या गेल्या.

तिसरा अडसर उरला तो हवेचा. १८९० च्या दशकाच्या आरंभी शुमान यांनी ठिणगीपासून काचेपर्यंतचा प्रकाशाचा संपूर्ण मार्ग एका बंद पेटीत बसवला, तीतून हवा उपसून काढली, आणि त्याबरोबर वर्णपट एकदम पुढे सरकून १२५ नॅनोमीटरच्याही आसपास गेला, म्हणजे जिथे फ्लोराइटची स्वतःचीच पारदर्शकता संपते तिथपर्यंत. या टापूला आजही निर्वात अतिनील असे म्हणतात, आणि ते नाव कोणत्याही सैद्धांतिक कल्पनेवरून न पडता शुमान यांच्या उपसलेल्या पेटीवरून पडलेले आहे. पेटीत पुन्हा थोडा प्राणवायू सोडला की प्रकाश नाहीसा होत असे, नायट्रोजनने मात्र या टापूत तसे फारसे होत नसे. म्हणजे हवेतील अडसर प्राणवायूचा होता. तो किती दाट असतो याची कल्पना आजच्या मापांवरून येते: १४५ नॅनोमीटरजवळचा प्रकाश जमिनीलगतच्या साध्या हवेत एका मिलिमीटरच्या आतच बहुतेक सगळा गिळला जातो. शुमान यांना या टापूतील तरंगलांब्या नेमक्या सांगता आल्या नाहीत, कारण फ्लोराइटच्या लोलकात तिथला प्रकाश किती वळतो याचे कोष्टक कोणापाशीच नव्हते. ती उणीव हार्वर्डच्या थिओडोर लायमन यांनी १९०६ च्या सुमारास लोलकाऐवजी रेघांची अंतर्वक्र जाळी वापरून भरून काढली. प्राणवायूच्या वर्णपटात या टापूत दिसणाऱ्या शोषणपट्ट्यांना शुमान आणि गणिती कार्ल रुंगे या दोघांच्या नावाने ओळखतात. इतिहासाच्या पुस्तकांत शुमान यांना एखादे वाक्य मिळते. ज्याच्या पेटीवाचून पुढचे काहीच घडले नसते त्याच्या मानाने ते अगदीच थोडे आहे.

शोषण कळले, तरी शोषलेल्या प्रकाशाचे पुढे काय होते हा प्रश्न वेगळाच होता. फिलिप लेनार्ड यांनी १९०० साली ठिणगीतून निघणाऱ्या आखूड लाटांच्या अतिनील प्रकाशाने हवेत ओझोन तयार होतो असे दाखवले, पण प्रकाश रेणूला फोडतो की नुसता चेतवतो, हे त्यावरून ठरत नव्हते. तो निकाल लागायला प्रकाशाविषयीची कल्पनाच बदलावी लागली. आइनस्टाइन यांच्या १९०५ च्या मांडणीप्रमाणे प्रकाशाची ऊर्जा सुट्या पुंजांनी दिली-घेतली जाते आणि लाट जितकी आखूड तितका पुंज मोठा असतो. यातून निघणारी गोष्ट व्यवहाराच्या अनुभवाशी थोडी विसंगत वाटते: रेणूचा बंध तोडायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी एकाच पुंजात असावी लागते, दहा लहान पुंजांनी मिळून ते काम होत नाही. प्राणवायूचा बंध तोडायला ५.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. इलेक्ट्रॉनव्होल्ट हे अणूंच्या जगातील ऊर्जेचे माप. ३०० नॅनोमीटरच्या पुंजात अशी ऊर्जा ४.१ भरते, म्हणून तो प्रकाश कितीही प्रखर असला तरी प्राणवायूला धक्का लावू शकत नाही, आणि २४२ नॅनोमीटरला ती बरोबर पुरी पडते. बर्लिनच्या एमिल वारबुर्ग यांनी १९१० च्या दशकात प्राणवायूवर साधारण २०९ नॅनोमीटरचा प्रकाश टाकून शोषलेले पुंज आणि तयार झालेला ओझोन या दोहोंचा हिशेब जुळवला, तेव्हा दर पुंजामागे ओझोनचे सुमारे दोन रेणू आढळले. एक पुंज एक रेणू फोडतो, त्यातून दोन अणू सुटतात, आणि प्रत्येक अणू एकेका अखंड रेणूला चिकटून ओझोन बनतो, असे मानले की हा आकडा आपोआप येतो.

वर्णपटातूनही तीच साक्ष निघाली. शुमान-रुंगे पट्ट्यांकडे बारकाईने पाहिले तर आखूड लाटांकडे जाताना त्यांच्यातील अंतर कमी कमी होत जाते आणि १७५ नॅनोमीटरपाशी ते पट्टे मिसळून सलग काळोख सुरू होतो. पट्टे हे रेणूच्या कंपनांचे पायऱ्या-पायऱ्यांनी वाढणारे मोजमाप आहे, आणि पायऱ्या संपून सलगता सुरू होते याचा अर्थ कंपन इतके वाढले की दोन्ही अणू एकमेकांपासून सुटले. १७५ नॅनोमीटरच्या पुंजात मात्र ७.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट असतात, म्हणून आरंभी प्राणवायूचा बंध प्रत्यक्षाहून बराच मजबूत मानला गेला. सुटणाऱ्या दोन अणूंपैकी एक उत्तेजित अवस्थेत असतो आणि जवळपास दोन इलेक्ट्रॉनव्होल्ट स्वतःजवळ ठेवून निघतो, हे ध्यानात आल्यावर बाकी ५.१ शी जुळली. गेरहार्ड हर्झबर्ग यांनी १९३० च्या सुमारास प्राणवायूचे आणखी एक, फार क्षीण शोषण शोधले, जे २४२ नॅनोमीटरपर्यंत पसरलेले आहे. पुंजयामिकीचे नियम हे शोषण जवळजवळ निषिद्धच ठरवतात, आणि त्या क्षीणपणातच त्याचे महत्त्व आहे, कारण प्रबळ शोषणाचा प्रकाश फार उंचावरच संपून जातो, तर या अर्धवट निषिद्ध टापूतील प्रकाश तीसेक किलोमीटर उंचीपर्यंत, म्हणजे दाट हवेपर्यंत, झिरपतो आणि ओझोनथरातील प्राणवायू मुख्यतः तोच फोडतो.

हे सगळे धागे सिडनी चॅपमन या इंग्रज गणितीने एकत्र केले. पॅरिसमध्ये १९२९ साली भरलेल्या ओझोनविषयक परिषदेत मांडलेला आणि पुढील वर्षी प्रसिद्ध झालेला त्यांचा सिद्धांत चार क्रियांचा आहे. अतिनील प्रकाश प्राणवायूचा रेणू फोडून दोन अणू मोकळे करतो. सुटा अणू दुसऱ्या रेणूला चिकटून ओझोन बनतो, परंतु त्या चिकटण्यातून निघणारी ऊर्जा वाहून न्यायला जवळ तिसरा एखादा रेणू, बहुधा नायट्रोजनचा, असावा लागतो, नाहीतर नवा ओझोन तत्क्षणी पुन्हा उकलतो. ओझोन पुढे आणखी लांब लाटांच्या प्रकाशानेही फुटतो, पण त्यातला अणू लगेच दुसऱ्या रेणूला चिकटत असल्याने जमाखर्चात काही फरक पडत नाही. फरक पडतो तो सुटा अणू आणि ओझोन यांची गाठ पडून दोन साधे रेणू बनतात तेव्हाच. तेसरां द बोर या फ्रेंच हवामानतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी फुगे सोडून अकराएक किलोमीटरच्या वर तापमान घटायचे थांबते असे शोधून काढले होते, आणि वरच्या त्या स्थिर थराला स्थितांबर म्हणतात; त्या थरातल्या उबेचा उगमही याच घडामोडीत सापडला, कारण शोषलेली ऊर्जा शेवटी उष्णतेच्या रूपानेच हवेत उरते. चॅपमन यांच्या हिशेबाने ओझोन प्रत्यक्षापेक्षा सुमारे दुप्पट भरतो हे पुढे प्रयोगशाळेतील अधिक अचूक मापांनी दाखवले. ती तफावत भरून काढताना पाण्याच्या वाफेतून, नायट्रोजनच्या ऑक्साइडांतून आणि शेवटी शीतकरणाच्या वायूंतील क्लोरीनमधून होणारा ओझोनचा नाश उजेडात आला. ती कथा १९९५ च्या नोबेल पारितोषिकापर्यंत जाते आणि पुष्कळदा सांगून झालेली आहे.

कमी सांगितली गेलेली कथा मोजणीची आहे. ऑक्सफर्डचे गॉर्डन डॉबसन यांनी आपल्या घरच्या कार्यशाळेत वर्णपटलेखक बनवून १९२० च्या दशकाच्या मध्याला नियमित निरीक्षणे सुरू केली. ओझोन जास्त शोषतो अशा एका तरंगलांबीची आणि कमी शोषतो अशा दुसऱ्या तरंगलांबीची तुलना करायची, आणि त्या प्रमाणावरून डोक्यावरचा सगळा ओझोन जमिनीच्या दाबावर व शून्य अंश तापमानावर आणला तर किती जाडीचा थर होईल ते काढायचे, अशी ही रीत होती. फाब्री आणि ब्युइसाँ या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी १९२० साली मार्सेय येथे ही जाडी फक्त तीन मिलिमीटरच्या आसपास असल्याचे दाखवले होते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाला आज डॉबसन एकक म्हणतात. डॉबसन यांची यंत्रे प्रथम युरोपात फिरली. त्यांतील एक स्वित्झर्लंडमधील अरोसा या क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांसाठी प्रसिद्ध असलेल्या डोंगरी गावी गेले, जिथे पाउल गोट्झ उन्हाच्या औषधी गुणांचा अभ्यास करीत होते, आणि तिथे १९२६ पासून सुरू झालेली नोंदमाला जगातील सर्वांत दीर्घ ठरली. त्यानंतर १९२८ मध्ये डॉबसन यांनी यंत्रे दूरदूर पाठवली: न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च, इजिप्तमधील हेलवान, कॅलिफोर्निया, आणि तमिळ प्रदेशातील पळणीच्या डोंगरावरची कोडईकनाल वेधशाळा.

कोडईकनालच्या काचा ऑक्सफर्डला जाऊन मोजल्या गेल्या, तेव्हा एक कोडे पुढे आले. चॅपमन यांचे गणित स्वीकारले तर प्राणवायू सर्वांत जास्त फुटतो तो उष्ण कटिबंधावर, कारण तिथे ऊन सरळ पडते. मग ओझोनही तिथेच सर्वांत जास्त असायला हवा. कोडईकनालला मात्र तो कमी निघाला, आणि वर्षभर जवळजवळ तेवढाच राहिला, उलट उत्तरेकडे वसंत ऋतूत, दीर्घ हिवाळी अंधारानंतर, तो सर्वाधिक भरत असे. ओझोन बनतो एका ठिकाणी आणि साठतो दुसऱ्या ठिकाणी, वरच्या थरातील हवा विषुववृत्ताकडून ध्रुवांकडे संथपणे वाहत जाऊन तिथे खाली उतरते, ही शक्यता डॉबसन यांनी तेव्हाच बोलून दाखवली, पण तिला आधार नव्हता.

त्या आधाराचा एक भाग भारतातून आला. चंद्रशेखर वेंकट रामन यांचे विद्यार्थी के. आर. रामनाथन भारतीय हवामान खात्यात होते, आणि खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजूनही सिमला ऑफिस म्हणतात. रामनाथन यांनी १९२९ साली फुग्यांच्या नोंदींवरून वातावरणातील तापमानाचे जे चित्र मांडले, त्यात विषुववृत्ताजवळ सोळा-सतरा किलोमीटर उंचीवरची हवा ध्रुवांवरच्या त्याच उंचीच्या हवेपेक्षाही थंड, उणे ८० अंश सेल्सियसच्या आसपास असल्याचे दिसत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ॲलन ब्रूअर यांनी इंग्लंडवर विमानातून मोजलेली स्थितांबरातील हवा विलक्षण कोरडी आढळली, तेव्हा १९४९ साली त्यांनी अनुमान केले की इतकी कोरडी हवा उष्ण कटिबंधावरच्या त्या अतिथंड दारातून वर चढूनच आली असणार, कारण बाष्प गोठून गळून पडेल अशी जागा तेवढीच आहे. डॉबसन यांच्या ओझोनचा आणि ब्रूअर यांच्या बाष्पाचा मार्ग एकच निघाला, आणि त्या अभिसरणाला दोघांचे जोडनाव मिळाले. रामनाथन यांनी त्यानंतरही ओझोन सोडला नाही, आर. व्ही. करंदीकर यांच्यासह १९४९ मध्ये त्यांनी खालच्या अक्षांशांवर ओझोन कोणत्या उंचीला किती असतो याचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक म्हणून, आर. एन. कुलकर्णी आदी सहकाऱ्यांबरोबर, तेच काम चालू ठेवले. आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

महाराष्ट्राच्या आकाशाचाही या इतिहासात वाटा आहे. पुण्याच्या अक्षांशावर डोक्यावरचा ओझोन साधारण २५० ते २९० डॉबसन एककांच्या दरम्यान असतो, म्हणजे युरोपातील वसंतापेक्षा बराच कमी, तरी त्याच आकाशात तीस किलोमीटरच्या वर प्राणवायू फोडण्याचे काम युरोपच्या आकाशापेक्षा अधिक जोमाने चाललेले असते. तो थर प्रत्यक्ष चाचपण्यासाठी हवामान खात्याच्या पुण्यातील यंत्रशाळेत सी. आर. श्रीधरन यांनी १९६० च्या दशकात फुग्याला बांधून सोडायचे भारतीय बनावटीचे ओझोनमापक तयार केले. त्यात एक छोटा पंप बाहेरची हवा द्रावणातून बुडबुड्यांच्या रूपाने सोडतो, ओझोनच्या प्रत्येक रेणूमागे दोन इलेक्ट्रॉनांचा विद्युतप्रवाह वाहतो, आणि तो आकडा रेडिओने जमिनीवर येतो. ते द्रावण पोटॅशियम आयोडाइडचे असते, शोनबाइन यांच्या कागदावर असे तेच.